चार बोटं पाणी

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता साइट इंजिनिअर प्राजक्ता धुरी पोहण्याच्या तलावाच्या काठावर पालथी पडून हातातली स्टीलची पट्टी तिसऱ्यांदा पाण्याला लावत होती. पट्टी खोटं बोलत नाही असं तिला कॉलेजात शिकवलं होतं. आज ते शिकवलं नसतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी दुपारी चारला तिने भिंतीवर लाल पेन्सिलीने रेघ मारली, तेव्हा पाणी बरोबर रेघेला टेकलं होतं. आता ते रेघेच्या सात सेंटिमीटर खाली होतं. तलावातच पायरीवर एक निळी बालदी पाण्याने भरून ठेवली होती. ती साक्षीदार. ऊन-वारा तलावातून जेवढं पाणी पितो तेवढंच बालदीतून पितो. बालदी एक सेंटिमीटर उतरली होती. म्हणजे एक सेंटिमीटर उन्हाच्या नावावर, आणि सहा सेंटिमीटर कुणाच्याच नावावर नाही.

सहा सेंटिमीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण तलाव पन्नास मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद. प्राजक्ताने तोंडी गुणाकार केला, मग मोबाइलवर केला, मग पुन्हा तोंडी केला. दर वेळी उत्तर तेच आलं. पंचाहत्तर हजार लिटर.

आचऱ्याच्या अलीकडे आंबेखोल नावाचं गाव आहे. त्याच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, दोन वर्षांपासून मोठं क्रीडासंकुल उभं राहत होतं. त्यात शर्यतीचा हा मोठा तलाव, आणि शेजारी सरावाचा धाकटा, अजून कोरडा. मोठ्या तलावाच्या दोन टोकांच्या भिंतींमधलं अंतर प्राजक्ताने स्वतः मिलिमीटरने धरलं होतं. शर्यतीच्या तलावात तीन सेंटिमीटर जास्त चालतात, कमी मात्र एक मिलिमीटरही चालत नाही. वेंगुर्ल्याच्या घरी ती हे इतक्या वेळा सांगून बसली होती की तिची आई नारळ खवतानाही ‘एक मिलिमीटर’ म्हणू लागली होती. जानेवारीत इथे राज्याच्या ज्युनिअर स्पर्धा ठरल्या होत्या. त्याआधी पाणीचाचणी व्हायला हवी होती. भरलेल्या तलावाने सलग तीन दिवस बालदीपेक्षा जास्त उतरायचं नाही, एवढी साधी परीक्षा. ती पाहायला क्रीडा खात्याच्या तपासनीस अनुजा मॅडम गुरुवारी दुपारी बाराला येणार होत्या.

आणि पाणी गेलं ते दिवस तर असे, की सड्यावर माणूसच नव्हतं. आंबेखोलात दर चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन गावपळण होते. गाव ओस टाकायचं, आणि माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री असे सगळे तीन दिवस-तीन रात्री शिवेबाहेर माळावर मांडव घालून राहतात. त्या काळात कुणी शीव ओलांडून आत पाऊल टाकायचं नाही. गुरुवारी संध्याकाळी गाव निघालं, रविवारी संध्याकाळी तीन दिवस पुरे झाले, आणि सोमवारी सकाळी कौल घेऊन ते परतलं. संकुल शिवेच्या आत, म्हणून कामगारांनाही सुट्टी होती आणि प्राजक्ता घरी गेली होती.

जाण्याआधी तिने मोठ्या फाटकाला, उघडलं की फाटेल असा, सहीचा कागद चिकटवला होता. तलाव रिकामा करायच्या व्हॉल्व्हच्या खोलीलाही चिकटवला होता; माणसांच्या बारक्या दाराला नुसतं कुलूप. दोन्ही कागद जागच्या जागी, न फाटलेले. तेव्हा टँकर आला नाही, व्हॉल्व्ह उघडला नाही. एकच शक्यता उरत होती आणि ती मनात आणायची तिची छाती होत नव्हती.

फोनवर कंपनीचे साहेब मात्र लगेच मनात आणून मोकळे झाले. “गळतोय. वरच्या सांध्यातून. बुधवारी दोन वाजता उत्तरेकडच्या भिंतीची वरची टाइलची ओळ फोडायला घ्या.”

“सर, ती टोकाची भिंत आहे. फोडून पुन्हा बसवली तर लांबी जाईल. पन्नास मीटर परत धरायला दोन महिने लागतील.”

“मग जानेवारीच्या स्पर्धा दुसऱ्या जिल्ह्यात जातील. वॉटरप्रूफिंगच्या कागदावर सही कुणाची आहे, धुरी?”

सही तिची होती.

२

वॉटरप्रूफिंग करणारा सुदेश नाईक मोटरसायकल उभी करायच्या आधीच बोलायला लागला.

“माझां काम गळूचा नाय, मॅडम. मी मालवणात चाळीस टाक्यो केलंय. एकय गळली काय विचारा.”

“सुदेश, टाकी आणि तलाव एक नाही.”

“पाण्याक ता खंय म्हायत?” असं म्हणून तो थांबला, आणि आवाज खाली आणला. “बाबलीक विचारा. पंपाचो माणूस तो. गेल्या म्हयन्यात त्याची माझी वाजली. माझां नाव खराब करूक तेका निमित्त होया.”

माणूस अडचणीत सापडला की आधी दुसऱ्याचं नाव काढतो. सुदेशने त्यासाठी फार वेळ घेतला नाही, एवढंच.

हे सगळं भिकाजी तोरसकर स्टोअरच्या दारात बसून ऐकत होते. साइटचे स्टोअरकीपर. वय अडुसष्ट. त्याआधी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात एका धरणावर रोज सकाळी पाण्याची पट्टी वाचायचं काम. त्यांच्या वहीत साइटवर आलेला प्रत्येक खिळा होता, आणि कोण किती वेळा विडी ओढायला गेलं तेही होतं. लोक त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या वहीला घाबरत.

“बाय,” ते प्राजक्ताला म्हणाले, “फोडूच्या आधी तलावाक विचारूया तरी.”

“काय विचारणार, अण्णा?”

त्यांनी खिशातून पुडी काढली. पिंजर होती, देवाला लावतात ती लाल. चिमूटभर पाण्यात कालवून त्यांनी ती भिंतीलगत, पाण्याच्या पातळीवर थेंब थेंब सोडली. जिथे गळती असते तिथे पाणी आत ओढलं जातं, आणि त्याच्याबरोबर रंगही रेघ धरून जातो. ते गुडघ्यांवर सरकत सरकत उत्तरेची पंचवीस मीटरची भिंत आणि मग बाकीच्या तिन्ही संपवून आले. प्राजक्ता मागे मागे. तिच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं.

रंग कुठेच आत गेला नाही. पाण्यावर लाल ढगासारखा पसरला आणि विरला.

“गळत नाय,” भिकाजी म्हणाले.

“गळत नाय तर पाणी गेलं कुठे?”

भिकाजी पूर्वेच्या स्टीलच्या शिडीपाशी वाकले होते. शिडीच्या पहिल्या पायरीला गुंडाळलेला तपकिरी धागा त्यांनी नखाने सोडवला. काथ्याचा, सुंभाचा तुकडा होता.

“परांचीचा असेल,” प्राजक्ता म्हणाली. बांधकामाच्या बांबूच्या परांच्या सुंभानेच बांधत.

“परांची म्हयन्याभरापूर्वी उतरली,” असं म्हणून त्यांनी तो तुकडा वहीत दुमडून ठेवला.

३

मंगळवारी सकाळी प्राजक्ताने पट्टी लावली. चोवीस तासांत बालदी तीन मिलिमीटर उतरली होती. तलावही तीन मिलिमीटर.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. साहेबांनी तो होऊच दिला नाही. “साधं आहे. भोक सात सेंटिमीटरवर आहे. पाणी भोकापर्यंत उतरलं आणि थांबलं. आता कसं गळेल? उद्या दोन वाजता, धुरी.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच भयंकर होतं. तिने पिंजरीचं सांगितलं. साहेबांनी विचारलं की अनुजा मॅडमच्या अहवालात पिंजर या रकान्यात लिहायची की त्या.

तिने बाबलीला गाठलं. बाबली मेस्त्री, पंपवाला, गावातलाच. पंपाच्या खोलीत उकिडवा बसून मोटरीला ग्रीस लावत होता.

“गुरुवारी तू कधी गेलास?”

“दुपारी बाराक. आमच्याकडे सात बकऱ्यो. तेंका हाकत नेऊचा म्हणजे दिवस जाता. पाहुण्यांनी आमका बघल्यानी, विचारा.”

“सुदेश म्हणतो तुमचं भांडण आहे.”

“सुदेशाचां आणि त्याच्या बायलेचां पण भांडण आसा. ती काय पाणी सोडूक इली?” बाबली हसला. “मॅडम, पंपाक हात लावलो असतो तर मीटरावर दिसला असता. मीटर बघा. गुरुवारचोच आकडो.”

तिने पाहिला. तोच होता.

“माळावर पाण्याची सोय काय होती?” तिने सहज विचारलं. हातात दुसरं काही नव्हतं म्हणून.

बाबलीचा हात ग्रीसच्या डब्यात थांबला. “देवान पाणी दिल्यान,” तो म्हणाला, आणि आणखी काही विचारायच्या आत उठून मोटरीच्या मागे गेला.

स्टोअरमध्ये भिकाजी एका खिळ्याकडे टक लावून बसले होते. खिळ्यावर काळ्या एक इंची पाइपचं तीनशे मीटरचं भेंडोळं टांगलेलं. काँक्रीटवर पाणी मारायचा पाइप.

“ह्यां मी गोल गुंडाळून ठेवलेलंय,” ते म्हणाले. “एकतीस वर्सां मी पाइप गोल गुंडाळतंय. आता बघ.”

भेंडोळं आडवं आठच्या आकड्यासारखं गुंडाळलेलं होतं. मधे पीळ, दोन्ही बाजूंना फास.

“त्याने काय होतं, अण्णा?”

“तेणां असा होता, की पाइप मी नसताना फिराक गेलेलो. आणि माणसापेक्षा शहाणो, म्हणान परत पण इलो.”

४

त्याच दुपारी प्राजक्ता आणि भिकाजी देवळात गेले, तेव्हा पायरीवर दत्तप्रसाद गावकर सुपारी कातरत बसले होते. गावपळणीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. तलावाच्या खोदाईला गावातून पहिला विरोध त्यांचा झाला होता. प्राजक्ताला तो विरोध आठवत होता. कशासाठी होता ते मात्र नीट आठवत नव्हतं, आणि आठवू नये असंही कुठेतरी वाटत होतं.

“बसा मॅडम. पाणी हाडू?” गावकर म्हणाले. “आता गावात आसा पाणी.”

“माळावर नव्हतं?”

“चार वर्सांपूर्वी होता. माळाच्या कडेन व्हाळ जाता, त्येच्यात कोंड आसा. सड्यावरच्या झऱ्याचां पाणी बारा म्हयने त्या कोंडीत पडायचां. गावपळणीक आमी पिढ्यान्पिढ्या थंयच रवतो, त्या पाण्याच्या आधारान.” अडकित्ता कट्ट वाजला. “झरो खंय गेलो ता तुमका म्हायत असतला.”

भिकाजींनी मान वर केली नाही. प्राजक्ताची गेली खाली.

ऑगस्टात एक अर्ज आला होता. ‘तलावाच्या खोदाईत सड्यावरील झरा तुटून व्हाळ कोरडा पडला आहे, गावपळणीपूर्वी पाण्याची सोय व्हावी.’ खाली पन्नासेक सह्या, काही अंगठे. तिने वाचला होता. टाइलचा ट्रक त्याच दिवशी आला होता.

“मग या वेळी काय केलंत?” भिकाजींनी विचारलं.

“गेलो तसेच. भांडी-कळशे भरून नेले, ते एका दिवसाचे. आणि गुरवारी तिन्हीसांज झाली तशी कोंडीत पाणी इला.”

“कसां इला?”

“देवान दिल्यान.” गावकरांनी सुपारी तोंडात टाकली. “रविवारी दिवेलागणीपर्यंत होता. मगे थांबला. लोकांनी नारळ दिले, पाया पडले. आणखी काय म्हायत होया तुमका?”

“माणसां किती होती?”

“पाचशे वीस. गुरां एकशे तीस. मी मोजतंय, माझां काम ता.”

उतरणीवरून खाली येताना भिकाजी ओढ्यातल्या त्या कोंडीशी, खोलगट डोहाशी, थांबले. तळाचा चिखल ओला होता. त्यांनी सड्याकडे पाहिलं, कोंडीकडे पाहिलं, आणि वही उघडून उभ्या उभ्या आकडे मांडले. माणशी रोजचे पस्तीस लिटर, रांधप-धुणं धरून. गुराला पन्नास. गुणिले तीन दिवस.

“किती झाले?” प्राजक्ताने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. चालताना तिनेही तोच हिशेब केला होता.

“चौऱ्याहत्तर हजार शंभर,” भिकाजी म्हणाले. “बाकीचां कुत्र्याकोंबड्यांनी.”

“अण्णा, पण शीव ओलांडून कोण आलं? तीन दिवस तलावावर पाणी सोडायला कुणीतरी हवं. आणि कुणी ओलांडली असेल तर ते हे लोक मेले तरी सांगणार नाहीत.”

“सांगूचे नाय,” भिकाजी म्हणाले. “आणि उद्या दोन वाजता ब्रेकर येतलो.”

५

बुधवारी साडेबाराला सुदेश भिंत फोडायचा ब्रेकर घेऊन आलाच. उत्तरेच्या भिंतीशी जनरेटर लावला, आणि स्वतःचं काम स्वतःच्या हाताने फोडायचं म्हणून तोंड वाकडं करून उभा राहिला. साहेबांचा फोन दर पंधरा मिनिटांनी. प्राजक्ता टाइलवर हात ठेवून बसली होती. ही ओळ बसवताना तिने तीन वेळा काढायला लावली होती, एका मिलिमीटरसाठी. कामगारांनी तेव्हा तिला शिव्या घातल्या होत्या. आता त्यांच्यातलाच एक जण तिच्याकडे न बघता तंबाखू मळत होता.

“जेवून घे,” भिकाजी म्हणाले.

“मला नको.”

“जेवूक नको, बघूक चल.”

कंपाउंडच्या आतल्या कोपऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तुळसा परब चाळीस माणसांचं जेवण करी. पन्नाशीची, काटक, हात सुकलेले. संध्याकाळी घरी काथ्या वळून सुंभ विके. दुसऱ्या पंगतीचा भात ती आत्ता चुलीवर चढवत होती. टोपात धुतलेले तांदूळ सारखे केले, तळहात करंगळीच्या कडेवर तांदळावर आडवा टेकवला, आणि चार बोटांची रुंदी बुडेपर्यंत पाणी ओतलं. ना भांडं, ना माप.

भिकाजींनी प्राजक्ताच्या हातातली पट्टी घेतली.

“तुळसा, हात दाखव गो.”

“कित्याक?”

“माझ्या चार बोटांची रुंदी आठ सेंटिमीटर. सुदेशाची साडेआठ. कालपासून साइटवरचे सगळे हात मोजतंय, लोक माका खुळो म्हणतत. सात कोणाचीच नाय. तुझी रवलीत.”

तुळसाने हात पुढे केला नाही. पदराला पुसला आणि पाठीमागे नेला. प्राजक्ताला एवढं पुरेसं होतं.

“गळतीक बोटां मोजूक येनत नाय,” भिकाजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ते प्राजक्ताला समजावून देत होते, पण बघत होते तुळसाकडे. “पाणी नेमक्या चार बोटांवर थांबला, म्हणजे कोणीतरी थंय थांबवलेला. पंपाचो मीटर हलाक नाय, व्हॉल्व्हाचो कागद फाटाक नाय. मगे काठावरसून पाइप. पाइप नळाक लावून पाण्यान भरलो, एक तोंड दाबून तलावात सोडलां, दुसरां कंपाउंडाच्या भिंतीच्या मोरीतसून भायर, झऱ्याच्या जुन्या चरात. उताराक लागला की पाणी आपसूक ओढता. डोंगरातल्या पाण्याक आमी सगळेच असो पाइप लावतो. तलावातलां तोंड शिडीक सुंभान बांधलां, रेघेच्या चार बोटां खाली. पाणी तोंडापर्यंत उतरला की पाइप हवा पिता आणि बंद पडता. म्हणान राखूक माणूस नको. म्हणान शीव कोणी वलांडूक नाय. मिनिटाक एक कळशी नि वर दोन तांबे, तीन दिवस, तीन राती.”

“आणि पाइप आठच्या आकड्यात,” प्राजक्ता हळू म्हणाली. “सुंभाची जुडी बांधतात तसा.”

“गुरवारी साडेचारची एस्टी पकडूक मी पळालंय. स्टोअराचां आणि बारक्या दाराचां कुलूप लावूक सांगलंय ता भांडी घासणाऱ्या तुळसाक. सोमवारी सातांक दार उघडल्यार पयली आत इली तीच, चाय ठेवूक. माझ्या वहीत सगळ्यांचां येणा-जाणा आसा. हिचा नाय. रांदपीणीक कोण वहीत घालता?” त्यांनी पट्टी प्राजक्ताला परत दिली. “ती माझी चूक.”

चुलीतलं लाकूड तडतडलं. तुळसाने आधी आच कमी केली, मग बोलली.

“पाचशे माणसांचो तांदूळ तीन दीस कशात शिजवतले? मी रांदपीण. पाण्याचो हिशोब माका कळता. अर्ज दिलो, उत्तर इला नाय. टँकर मागलो, इलो नाय.” तिने प्राजक्ताकडे पाहिलं. “तुका विचारलंय असता तर तू म्हटलं असतंस, चाचणी आसा.”

प्राजक्ता तेच म्हणाली असती.

“तुझी रेघ बघलंय. म्हटलां, येवढो मोठो तलाव. चार बोटांनी काय होता? टोपात चार बोटां म्हणजे चाळीस माणसांचो भात. तलावाक कळाचा पण नाय.” तिने टोपावर झाकण ठेवलं. “भिंत फोडतत ता माका आज कळला, बाय. आवशीशपथ. मी सांगणारच होतंय. पण गावान त्या पाण्याक नारळ दिले. पोरांच्या डोळ्यांक लावल्यानी. आता मी सांगू, देव नाय, साइटचो पाइप? कामावरसून काढ माका. पण गावात माझां नाव जाऊक देव नको.”

बाहेर जनरेटर सुरू झाला. दोनला दहा कमी होते.

प्राजक्ता धावली. धावताना तिची चप्पल तुटली ती तशीच टाकून ती उत्तरेच्या भिंतीवर, ब्रेकरच्या पात्यासमोर जाऊन बसली.

“बंद कर, सुदेश.”

“सायबांचो फोन—”

“साहेबांना सांग, इंजिनिअर भिंतीवर बसली आहे. तिला फोडायचं असेल तर तसा लेखी हुकूम द्या.”

सुदेशने जनरेटर बंद केला. त्या दिवसातलं हे एकच काम त्याने मनापासून केलं.

६

गुरुवारी बाराला अनुजा मॅडम आल्या. साहेबही आले होते, पांढऱ्या गाडीतून. मॅडमनी सोमवारपासूनच्या नोंदी पाहिल्या, स्वतः पट्टी लावली, बालदी पाहिली. पंचाहत्तर तास, तलाव आणि बालदी बरोबरीने उतरले होते.

“हे तीन दिवस उत्तम आहेत,” त्या म्हणाल्या. “पण आधीचे सात सेंटिमीटर? त्याचं कारण सहीनिशी लिहून मिळाल्याशिवाय मी प्रमाणपत्र देणार नाही.”

“पाणी पाइपने काढून घेतलं गेलं,” प्राजक्ता म्हणाली. “दाखवते.”

काळा पाइप तिने स्वतः भरला, मोरीतून चरात सोडला, आणि तलावातलं तोंड शिडीला बांधलं. दुसऱ्या टोकाला भिकाजी कळशी आणि घड्याळ घेऊन उभे होते. कळशी भरायला बावन्न सेकंद लागले. मॅडमनी आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली आणि मान हलवली.

“कुणी काढलं?”

साहेबांनी मान पुढे केली. शेडच्या दारात तुळसा ताटं पुसत होती. एकच ताट, मघापासून.

प्राजक्ताने फायलीतून ऑगस्टचा अर्ज काढला. कोपऱ्यात तिच्याच अक्षरात ‘पाहिले, फाइल करावे’ असं होतं. त्या कागदाला जोडून तिने रात्रीच लिहून ठेवलेला दुसरा कागद मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी मोठ्याने वाचला.

“‘तलावाच्या खोदाईत गावाचा झरा तुटला. तसा अर्ज येऊनही मी पाण्याची सोय केली नाही. गावपळणीच्या तीन दिवसांत पाचशे वीस माणसं व एकशे तीस गुरं यांना या तलावातून पंचाहत्तर हजार लिटर पाणी गेले. हे पाणी देणे आमच्याकडेच लागत होते. ते गेल्याची संपूर्ण जबाबदारी साइट इंजिनिअर म्हणून माझी आहे.’” त्यांनी चष्मा काढला. “मी विचारलं होतं, पाइप कुणी लावला.”

“माझ्या साइटवर, माझ्या पाइपने, माझ्या चुकीमुळे. तुमच्या प्रमाणपत्राला याहून जास्त लागतं का, मॅडम?”

“धुरी, हा कागद परत घे,” साहेब म्हणाले. “झरा आपण तोडला असं कंपनीने कुठेही म्हटलेलं नाही. हे लिहून तू या साइटवर राहणार नाहीस.”

“माहीत आहे, सर.”

मॅडमनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. मग त्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. खाली एक ओळ जोडली, ‘तुटलेल्या झऱ्याच्या जागी गावाला कायमची पाण्याची लाइन देण्याच्या अटीवर.’ तलाव पास झाला. उत्तरेची भिंत उभी राहिली, पन्नास मीटर, एकही मिलिमीटर कमी नाही.

संध्याकाळी चारला प्राजक्ताला कंपनीचं पत्र मोबाइलवर आलं. उद्यापासून ती या साइटवर नव्हती. कुठे होती, ते पत्रात लिहिलेलं नव्हतं.

ती हेल्मेट, पट्टी आणि तुटलेली चप्पल पिशवीत भरत असताना बारक्या दारातून दत्तप्रसाद गावकर आत आले. हातात सोललेला नारळ. त्यांनी तो तिच्या पिशवीत, पट्टीच्या शेजारी ठेवला.

“देवाचो प्रसाद. कोंडीवर दिलेल्यातलो.”

“गावकर, ते पाणी...” तिने सुरुवात केली आणि शेडकडे पाहून थांबली.

“देवान दिल्यान,” गावकर म्हणाले. “आता तेणां पाइपातसून दिल्यान की कशातसून, ती तेची मर्जी. पण तुका काय वाटता गो बाय, नव्या पाइपाचो वास पाचशे वीस नाकांका येऊक नाय? पयल्याच राती इलो. चरात पाचोळ्यातसून डोकावणारो काळो पाइप शिवेवरसून सगळ्यांका दिसत होतो.”

प्राजक्ताने पिशवी खाली ठेवली. “मग कुणी काही बोललं कसं नाही?”

“बोललो असतो तर तुळसाचां नाव झाला असता. पाइपाक नारळ दिलो म्हणान देव काय रागावता?” ते जायला वळले, आणि दारापाशी पुन्हा थांबले. “तिका सांगू नको, आमका म्हायत आसा म्हणान. तेवढी भीती बरी असता माणसाक. आणि तुमची ती लाइन इली तर बरांच. नाय इली, तर चार वर्सांनी परत गावपळण आसाच. तेव्हा आमचां नाव न घेता कोणाकरवी तरी तुळसाक येवढा कळव, पुढल्या खेपेक पाच बोटां खाली बांध. रविवारी राती गुरां तहानेली रवली.”